बड्या टेक कंपन्यांशी अर्धामुर्धा काडीमोड : आधी ईमेलचा पत्ता, मग बाकीचं

धागाकर्ता : उपद्व्यापी

मंडळी,

'गूगल सोडायचंय, कुठून सुरुवात करू?' हा प्रश्न इथे अधूनमधून येतोच आणि त्याखाली पर्यायांची भलीमोठी यादी पडते. जीमेलऐवजी अमुक, क्रोमऐवजी तमुक, ड्राइव्हऐवजी आणखी काही. विचारणारा उत्साहाने कामाला लागतो, दोन दिवसांत सगळं उलटंपालटं करतो, घरच्यांची बोलणी खातो आणि महिन्याभरात गुपचूप मूळपदावर येतो. याद्या चांगल्याच असतात हो, पण आधी काय आणि मग काय हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: पहिल्यांदा ईमेलचा पत्ता स्वतःच्या डोमेनवर (म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या, आपण स्वतः नोंदवलेल्या नावावर) न्या. बाकीचं वर्षभर रखडलं तरी चालेल.

या विषयात दोन तक्रारींची कायम गल्लत होते. कंपन्या आपल्यावर पाळत ठेवतात, ही एक. आणि आपण जे आपलं समजतो ते त्यांच्या मर्जीवर टिकून आहे, ही दुसरी. पहिलीवर तावातावाने चर्चा होते. दुसरी अंगावर येईपर्यंत कुणाला दिसत नाही. जुलै २००९ मध्ये अमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली काही ई-पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली. हक्कांचा घोळ होता, पैसे परत केले, पण वाचकाला विचारलं कुणी? मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं आणि घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे तिथेही परत मिळाले, पुस्तकं गेली ती गेलीच.

आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलेली हकीकत आठवत असेल. एका वडिलांनी आजारी मुलाचे फोटो डॉक्टरांना दाखवायला काढले. ते आपोआप क्लाउडवर चढले, गूगलच्या यंत्रणेने ते बाल-अत्याचाराचे म्हणून पकडले आणि खातं बंद. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा घडलेला नाही असं सांगितलं, तरी खातं परत मिळालं नाही. ईमेल गेली, वर्षानुवर्षांचे फोटो गेले, आणि मोबाइलची सेवाही गूगलचीच असल्याने नंबरसुद्धा गेला. अशी तपासणी होऊ नये असं मी म्हणत नाही. पण एकाच खात्याला सगळं टांगलेलं असलं की यंत्राच्या एका चुकीत सगळं जातं, आणि दाद मागायला समोर माणूस नसतो.

आता ईमेलच का? कुठल्याही साइटवर 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवा, दुवा ईमेलवर येतो. पत्ता ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकीची खाती. नशिबाने ईमेल ही कुणा एका कंपनीची जहागीर नाही. मेल इकडून तिकडे पोचवायच्या पद्धतीचं, एसएमटीपीचं, प्रमाण १९८२ सालचं आहे आणि आजही सगळे तेच वापरतात. डोमेनच्या नोंदींमध्ये एमएक्स नावाची एक नोंद असते. या डोमेनचं टपाल कुठल्या सर्व्हरवर टाकायचं, एवढंच ती सांगते. आज तिथे एका कंपनीचा सर्व्हर लिहा, उद्या पटलं नाही तर दुसरीचा. पत्ता तोच राहतो आणि तुम्हाला मेल पाठवणाऱ्याला काही बदललंय हे कळतही नाही. जीमेलच्या पत्त्याचं तसं करता येत नाही, कारण डोमेन त्यांचं.

सेवा कुठलीही घ्या: प्रोटॉन, टुटा, फास्टमेल. स्वतःचं डोमेन जोडायचं तर सहसा पैसे मोजावे लागतात. जुनं जीमेल मात्र बंद करू नका. तिथून नव्या पत्त्यावर फॉरवर्ड लावा आणि अशा आलेल्या मेलना आपोआप एक लेबल चिकटेल असा फिल्टर करा. त्या लेबलात जे पडेल, त्या साइटवर जाऊन पत्ता बदलायचा. पैशाशी आणि सरकारी कामांशी संबंधित खाती सुरुवातीलाच बसून बदला, बाकीची जशी समोर येतील तशी. (जीमेल स्पॅममधलं काही फॉरवर्ड करत नाही, तेव्हा तिथे अधूनमधून डोकावा.)

खरी कटकट आहे ती 'गूगलने साइन इन करा' या बटणाची. ते दाबताना एक पासवर्ड वाचतो आणि आणखी एक दोरी बांधली जाते. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या अ‍ॅप आणि साइटींची यादी असते, ती एकदा उघडून बघाच. नावं वाचून हबकाल. अशा प्रत्येक ठिकाणी आधी साधा पासवर्ड ठरवून घ्या, मग ईमेल बदला आणि सगळ्यात शेवटी गूगलचा दुवा तोडा. क्रम उलटा झाला तर आपल्याच खात्याबाहेर उभं राहायची पाळी येते.

मंडळींनी आपापले अनुभव लिहावेत. 'अमुक अ‍ॅप भारी' एवढंच लिहायचं असेल तर कृपया का ते पण लिहा.

-----

प्रतिसाद : तिरकस

चला, या वर्षीचा गूगलत्यागाचा धागा आला!

अहो उपद्व्यापी, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. मी बूट शोधले आणि मला बुटांच्या जाहिराती दिसल्या, माझं काय गेलं? आणि पळून जाणार कुठे? तुमच्या लाडक्या सिग्नलचंच घ्या, ते खासगी संदेशांचं अ‍ॅप. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेझॉनचे सर्व्हर झोपले तेव्हा सिग्नलही बंद पडलं होतं. फायरफॉक्स ब्राउझरवाल्यांचा बहुतांश पैसा गूगलकडूनच येतो. डकडकगो या शोधयंत्राचे निकाल मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या बिंगमधून. एका वाड्यातून निघायचं आणि त्याच मालकाच्या दुसऱ्या वाड्यात शिरायचं, एवढ्यासाठी ही सगळी यातायात?

-----

प्रतिसाद : उपद्व्यापी

तिरकसराव, तथ्यं बरोबर आहेत, निष्कर्ष नाही पटला.

सिग्नल अमेझॉनच्या यंत्रांवर चालतं, पण संदेश आधीच फोनवर कुलूपबंद होऊन निघतो. अमेझॉनला आत काय आहे ते दिसत नाही. म्हणजे सेवा बंद पडायचा धोका आहे, संदेश कुणी वाचायचा नाही. हेच मी वर म्हणत होतो, या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि एकीचं औषध दुसरीला लागू पडेलच असं नाही. उलट बाजूने बघा: व्हॉट्सअ‍ॅप २०१६ पासून सिग्नलचंच तंत्र वापरतं, मजकूर कुणी वाचत नाही. पण कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोललं हे कंपनीकडे राहतं. आणि बॅकअप घेताना एंड-टु-एंडचा (म्हणजे किल्ली फक्त तुमच्याकडे असलेल्या कुलपाचा) पर्याय तुम्ही स्वतः चालू केला नसेल, तर क्लाउडवरच्या प्रतीला ते कुलूप नसतं. ही सेटिंग २०२१ पासून आहे. लगेच बघून या, मी थांबतो.

'लपवण्यासारखं काही नाही' याबद्दल एवढंच: तुम्ही इथे टोपणनावाने लिहिता!

-----

प्रतिसाद : तिरकस

हा हा. एक गुण तुम्हाला.

(बॅकअपची सेटिंग बंद होती. केली चालू.)

-----

प्रतिसाद : खिडकीतली

उत्तम धागा, वाचनखूण साठवली.

फोटोंबद्दल लिहिते, कारण बहुतेक लोक तिथे अडकतात. ईमेल हलवता येते, पण घरातले सगळे फोटो एका जागी आणि शोधायला सोपे, हे सुख कुणाला सोडवत नाही. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली, तोवर आपण सगळे आत जाऊन बसलो होतो.

बाहेर काढायची सोय आहे: टेकआउट. २०११ पासून आहे आणि मोफत आहे, त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवं. पण जे हातात पडतं ते बघून माणूस चक्रावतो. झिप फाइलींचे तुकडे येतात, आणि उघडलं की प्रत्येक फोटोशेजारी त्याच नावाची एक छोटी जेसन फाइल, म्हणजे फोटोची माहिती लिहिलेली साधी मजकुराची फाइल. तुम्ही गूगल फोटोजमध्ये जे हाताने केलं असेल, म्हणजे चुकलेली तारीख दुरुस्त केली, खाली ओळ लिहिली, जागा टाकली, ते सगळं या जेसनमध्ये असतं, फोटोत नाही. फोटो काढल्याची वेळ तिथे १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत लिहिलेली असते. दहा आकडी नुसता नंबर. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत मूळ तारीख आतच असते, त्यामुळे तिथे निभावतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले आणि स्कॅन केलेले जुने फोटो? त्यांच्या आत तारीख नसते. ते नव्या जागी नुसते ओतलेत की आजीच्या लग्नाचा फोटो आजच्या तारखेला दिसायला लागतो. तारखा लावायला मी बसले होते तेव्हाची एक गंमत म्हणजे, काही फोटो एका झिपमध्ये आणि त्यांची जेसन दुसऱ्याच झिपमध्ये होती. म्हणून आधी सगळ्या झिप एकाच फोल्डरमध्ये उघडायच्या, मगच पुढचं काम. जेसनमधली तारीख फोटोत भरायला एक्झिफटूल नावाचा प्रोग्राम चालतो. इमिच (स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं, गूगल फोटोजसारखं सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर इमिच-गो नावाचं साधन टेकआउटच्या झिप जशाच्या तशा वाचतं आणि जोड्या लावतं.

शिवाय 'स्टोरेज सेव्हर' चालू ठेवून चढवलेले फोटो परतही दाबून हलके केलेलेच मिळतात. मूळ प्रत फोनवर किंवा जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर ती आधी शोधा.

आणि कृपा करून, नव्या जागी सगळं नीट आलंय याची खात्री होईपर्यंत जुनं डिलीट करू नका. मोजून बघा. नुसती एकूण संख्या जुळवू नका, मधलंच एखादं वर्ष उघडून महिन्यावार बघा.

-----

प्रतिसाद : सर्व्हरवाला

खिडकीतली ताई, जेसनच्या प्रकरणाबद्दल साष्टांग नमस्कार. हे इतकं नीट कुणी लिहीत नाही.

मी घरी जुन्या संगणकावर इमिच आणि फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड (स्वतःचं ड्राइव्हच म्हणा) चालवतो. इमिच चेहरेसुद्धा ओळखतं आणि ते काम आपल्याच यंत्रावर होतं, बाहेर काही जात नाही. पण होतकरू मंडळींना सावध करतो. स्वतःचा सर्व्हर म्हणजे स्वतःची नोकरी. अपडेट तुमचं, डिस्क मेली तर रडणं तुमचं, आणि बायकोला ऐन वेळी कागद सापडला नाही तर उत्तर देणंही तुमचंच. नुसत्या फाइली दोन-तीन यंत्रांवर सारख्या ठेवायच्या असतील तर सिंकथिंग पुरेसं आहे, त्याला मधला सर्व्हर लागतच नाही. त्याचं मूळ अँड्रॉइड अ‍ॅप २०२४ च्या अखेरीस बंद झालं. पण कोड खुला असल्याने दुसऱ्यांनी ते पुढे चालू ठेवलंय. मुक्त सॉफ्टवेअरही मरतं, फक्त त्याला वारस मिळू शकतो.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र कोरून ठेवा. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. आणि वर्षातून एकदा बॅकअपमधून एखादी फाइल खरंच परत काढून बघा.

ईमेलचा सर्व्हर मात्र घरी चालवू नका. कौतुकाने सुरुवात होते, मग एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, उलट डीएनएस नोंद (मेल खरंच आपल्याकडूनच गेली हे पटवणाऱ्या नोंदी), सगळं बिनचूक करूनही मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक केलेत. डोमेन आपलं, सर्व्हर भाड्याचा, हीच सांगड बरी. उपद्व्यापींशी पूर्ण सहमत.

-----

प्रतिसाद : रानवाटा

नकाशांचं कुणी बोललंच नाही? ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड घ्या. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतात आणि नकाशा आधी उतरवून घेतला की नेटशिवायही. पायवाटा तर गूगलपेक्षा कितीतरी सरस. दुकानांच्या वेळा आणि रहदारी यांत मात्र मार खातात. मी दोन्ही ठेवते. चालायला हे, गाडीत ते.

-----

प्रतिसाद : निवृत्त_मास्तर

धागा वाचतो आहे. माझे वय झाले, पण शिकायची हौस आहे. मला दोन शंका.

एक. प्रोटॉन वगैरे कंपन्या तरी विश्वासाच्या कशावरून? उद्या त्याही बड्या होतील.

दोन. या सगळ्या किल्ल्या माझ्या डोक्यात आणि संगणकात. मी नसताना मुलीने काय करायचे? आज निदान जीमेलचा पासवर्ड तिला ठाऊक आहे.

-----

प्रतिसाद : उपद्व्यापी

मास्तर, दोन्ही शंका नेमक्या आहेत.

पहिलीचं उत्तर: विश्वास ठेवूच नका, निघता येईल एवढं बघा. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला होता. मेलचा मजकूर त्यांच्याकडेही उघडा नव्हता, तो दिला गेला नाही. पण कायद्याच्या वर कुठलीच कंपनी नाही. अ‍ॅपलने डिसेंबर २०२२ मध्ये आयक्लाउडला पक्कं कुलूप द्यायची सोय आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारी दबावाखाली ब्रिटनमध्ये ती काढून घेतली. म्हणून कंपनीच्या शीलापेक्षा मी तिची दारं बघतो. सगळ्या मेल एका फाइलीत काढून देते का? डोमेन दुसरीकडे नेऊ देते का? साध्या आयमॅपवर (कुठल्याही मेल प्रोग्राममधून मेल वाचायच्या खुल्या पद्धतीवर) चालते का? इथे प्रोटॉन आणि टुटाची अडचण आहे. मेल कुलूपबंद असल्याने थंडरबर्डसारख्या मेल प्रोग्राममधून प्रोटॉन वापरायला त्यांचा ब्रिज नावाचा मधला प्रोग्राम लावावा लागतो, तो सशुल्क खात्यांसाठीच असतो. टुटावर तर आयमॅप नाहीच. फास्टमेलमध्ये आयमॅप सरळ चालतं, पण तिथे कुलूप तसं नाही. ज्याला ज्याची भीती जास्त, त्याने ते निवडावं. मी आयमॅपच्या बाजूचा.

दुसरीचं उत्तर खिडकीतली ताई जास्त चांगलं देतील.

-----

प्रतिसाद : खिडकीतली

मास्तर, नमस्कार.

पासवर्डांसाठी एक मॅनेजर घ्या. बिटवॉर्डनमध्ये 'इमर्जन्सी अ‍ॅक्सेस' नावाची सोय आहे (सशुल्क). मुलीचं नाव तिथे घालायचं आणि मुदत ठरवायची. तिने मागणी केली आणि त्या मुदतीत तुम्ही नकार दिला नाही, तर तिजोरी तिला उघडते. क्लाउड नकोच असेल तर कीपासएक्ससी: एकच फाइल, एकच मुख्य पासवर्ड. तो कागदावर लिहून, पाकिटात घालून, घरातल्या इतर महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा. कागदावर पासवर्ड लिहू नये हा उपदेश ऑफिसातल्या टेबलासाठी आहे, घरातल्या कपाटासाठी नाही.

दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड देणारं अ‍ॅप वापरत असाल तर बघा, त्यातून कोड बाहेर काढता येतात का. एजिस नावाच्या अ‍ॅपमध्ये येतात, फाइल काढून ठेवा. आणि प्रत्येक महत्त्वाच्या खात्याचे 'रिकव्हरी कोड' छापून त्याच पाकिटात. फोन हरवला की सगळे आधी तिथेच अडकतात.

जीमेल चालू ठेवणार असालच, तर गूगलचा 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' भरून ठेवा. ठरवलेला काळ तुम्ही खातं वापरलं नाही की निवडलेल्या माणसाला कळवलं जातं. नाहीतर दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसू शकतं, हे धोरण त्यांनी डिसेंबर २०२३ पासून अमलात आणलंय. जुनं जीमेल जपून ठेवा असं धागाकर्ते म्हणतात, त्यात हे जोडून घ्या.

-----

प्रतिसाद : निवृत्त_मास्तर

आभारी आहे, ताई. पाकिटाचे आजच करतो. बाकीचे सावकाश.

-----

प्रतिसाद : ग्राफीन_भक्त

तुम्ही सगळे वरवरची मलमपट्टी करताय. फोनमध्ये गूगल आहे तोवर बाकी सगळं व्यर्थ. फोनवरच्या सूचना (नोटिफिकेशन) सुद्धा गूगल किंवा अ‍ॅपलच्या सर्व्हरमधून येतात, आणि सरकारं तो डेटा मागतात हे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटर रॉन वायडन यांच्या पत्रातून उघड झालंय. ग्राफीनओएस (गूगलच्या सेवा वगळलेलं अँड्रॉइड) टाका आणि मोकळे व्हा.

-----

प्रतिसाद : तिरकस

ग्राफीनओएस, जे टाकण्यासाठी गूगलचाच पिक्सेल फोन विकत घ्यावा लागतो? बरं बरं.

-----

प्रतिसाद : ग्राफीन_भक्त

हार्डवेअरची सुरक्षा तिथेच बरी मिळते, म्हणून. थट्टा करणं सोपं असतं. प्ले सर्व्हिसेस (अनेक अ‍ॅपना लागणारा गूगलचा भाग) हव्याच असतील तर ग्राफीनवर त्या साध्या अ‍ॅपसारख्या कोंडून चालवता येतात, खास अधिकार मिळत नाहीत. काही बँकांची अ‍ॅप गूगलची तपासणी पास होत नाही म्हणून चालत नाहीत, हे मान्य. त्यासाठी ब्राउझर आहे.

-----

प्रतिसाद : सर्व्हरवाला

भक्तसाहेब, चूक काही नाही तुमचं, पण ही शेवटची पायरी आहे. पहिली म्हणून सांगितलीत तर माणूस जिन्याकडे फिरकणारच नाही. तोवर एफ-ड्रॉइडवरून (मुक्त अ‍ॅपचं दुकान) दोन-चार अ‍ॅप बदलली, क्रोम जाऊन फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन (जाहिराती आणि पाळत अडवणारं एक्स्टेन्शन) आलं, तरी पुष्कळ झालं. (क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यावर मूळ यूब्लॉक तिथे चालेनासं झालंय, फक्त लाइट आवृत्ती उरलीये.)

उपद्व्यापींच्या पहिल्या लेखात एक गोष्ट राहिलीये, ती जोडतो. डोमेन जिथून घ्याल, त्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेनची मुदत चुकून संपली तर इशाऱ्याचा मेल ज्या पत्त्यावर येणार तो पत्ताच बंद पडलेला असतो. तिथे दुसरा पत्ता द्या, हवं तर जुनं जीमेलच. डोमेन अनेक वर्षांसाठी एकदम घ्या, आपोआप नूतनीकरण चालू ठेवा आणि कार्ड बदललं की तिथेही बदला. सुटलेलं डोमेन कुणीही घेऊ शकतं, आणि मग तुमचे पासवर्ड बदलायचे दुवे त्याच्या हातात पडतात.

-----

प्रतिसाद : उपद्व्यापी

हे अत्यंत महत्त्वाचं. संपादक मंडळ, मूळ लेखात टाकता येईल का?

-----

प्रतिसाद : तिरकस

बरं, हौस म्हणून डोमेन बघितलं. डॉटकॉममधलं आडनाव कुणीतरी आधीच पटकावलंय. .ईयू मोकळं दिसतंय, भाऊ युरोपात असतो, त्याच्या नावावर घेऊ का?

-----

प्रतिसाद : उपद्व्यापी

नका घेऊ. भाऊ तिथून हलला तर? ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या लोकांची .ईयू डोमेनं १ जानेवारी २०२१ ला निलंबित झाली होती. ज्यांच्या मेल त्यावर होत्या त्यांची कोण धावपळ. राहण्याची अट असलेली शेपटी ईमेलसाठी घेऊच नये. .नेट किंवा .ऑर्ग मोकळं आहे का बघा, आणि फोनवर सांगताना स्पेलिंग समजवावं लागणार नाही असं नाव निवडा. आडनावच हवं असं कुठे आहे? 'तिरकस' मोकळं असेल तर घेऊन टाका.